शेपटी नसलेली गाठ

मी दोरीला लोंबकळले होते, तरी मशीन थांबेना.

आमच्या लाइनवर एक लाल दोरी आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपराच्या उंचीवर, कड्यांमधून ओवलेली. कुणाचं काही अडकलं की जिथं असाल तिथून ती खेचायची. टोकाचं बटण दाबलं जातं आणि सगळे रोलर बंद. पहिल्या दिवशी सगळ्यात आधी हेच शिकवतात. मी खेचली. परत खेचली. दोन्ही पाय उचलून सगळं वजन टाकलं. दोरी ताणली गेली आणि तशीच राहिली, भिंतीत चिणल्यासारखी.

समोर मामा मशीनला चिकटला होता. ओरडत नव्हता. त्याचा उजवा हात मनगटापर्यंत दोन रोलरच्या मध्ये गेला होता आणि धागा त्याच्यावर गुंडाळतच होता. पांढरा, मग गुलाबी, मग लाल. दारात कुणी अडवल्यावर ढकलावं तसा तो डाव्या हाताने मशीनला ढकलत होता.

"मेन बंद कर," मी लांब्याला ओरडले. लांब्या शेजारच्या लाइनवर असतो, पाय लांब आहेत म्हणून लांब्या. तो सुटला. पण मेन स्विच शेडच्या पार पलीकडे. तो पोचेपर्यंत त्या हाताचं काय काय झालं ते मी बघितलं. तोंड फिरवता आलं असतं. नाही फिरवलं. आपल्या माणसाचं आहे, आपण नाही बघायचं तर कुणी बघायचं?

रोलर थांबले तेव्हा मामा हळूच म्हणाला, "सुरी खाली पडली बघ." आणि बसला.

मामा म्हणजे अख्ख्या प्लांटचा मामा. साहेबसुद्धा त्याला मामाच म्हणतात. नवीन पोरं त्याला मामा बनवायला बघतात, पण अजून कुणी पास झालेलं नाही. खरा मामा मात्र तो माझा एकटीचा, आईचा धाकटा भाऊ. वर्गातल्या एकीचा दात पाडला म्हणून शाळेनं मला घरी पाठवलं, आणि परत बोलावल्यावर मीच गेले नाही. तेव्हा आई त्याला म्हणाली, "हिला कुठंतरी अडकव बाबा, नाहीतर ही कुणाचा तरी जीव घेईल." मामा म्हणाला, "आमच्याकडे जीव घ्यायला मशीन आहेत. ही धागा जोडेल." विनोद होता तो.

आम्ही धागा करतो. कापसाचा नाही, प्लास्टिकचा. तांदळासारखे दाणे वरच्या डब्यात वितळतात, बारीक भोकांच्या चाळणीतून खाली लोंबतात, गार हवेत सुकतात, आणि रोलर त्यांना इतक्या जोरात ओढतात की धागा दिसायचाच बंद होतो. नुसता आवाज येतो. मध्येच एखादा धागा बॉबिनवर जायचं सोडून रोलरलाच गुंडाळायला लागतो. त्याला लॅप म्हणतात. मशीन थांबवून, मग आकडीच्या सुरीने लॅप कापायचा, असा नियम आहे. थांबवून कुणीच कापत नाही. कारण थांबलं तरी वरचं प्लास्टिक गळतच राहतं, चाळणी माखते, आणि मग कुणीतरी शिडीवर चढून ती तापलेली चाळणी पितळी पट्टीने खरवडायची. ते काम लाइनवरच्या सगळ्यात नव्या माणसाचं. म्हणजे माझं.

माझ्या डाव्या हातावर त्या भाजल्याचा डाग आहे, कोपरापासून खाली ओघळलेला. त्या दिवशी लॅप वगैरे काही नव्हता. माझाच कोपर दोरीला लागला आणि लाइन थांबली. मला धडपडल्याशिवाय चालता येत नाही. असं पाच-सहा वेळा तरी झालं होतं.

हॉस्पिटलात आई आली ती गळ्यात मापाची पट्टी तशीच घेऊन. ती घरी कपडे शिवते. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, माझ्या अंगावरच्या रक्ताकडं, मग ते माझं नाही हे तिला कळलं.

"तू कुठं होतीस?"

"तिथंच."

फाडकन कानाखाली बसली.

"तिथंच होतीस ना? मग थांबवलं का नाही?"

"थांबत नव्हतं."

दुसरी बसली. बाकावरचे लोक उठून लांब सरकले.

"लाल दोरी असते म्हणालीस तू मला. दोरी आहे म्हणून पाठवलं मी तुला. रोज जाताना विचारते ना मी, दोरी आहे ना गं?"

"दोरी बांधून ठेवलेली होती, आई. लांब्यानं बघितलं. कुणीतरी मुद्दाम आवळून ठेवली होती. ओढली तरी बटणापर्यंत जातच नव्हती."

तिचा हात हवेतच राहिला. मग ती बाकावर बसली आणि मापाची पट्टी बोटाभोवती गुंडाळायला लागली, घट्ट, बोट पांढरं होईपर्यंत.

"कुणी?"

"बघते."

माझी आई मला आयुष्यभर एकच शब्द म्हणत आलीय, सोड. कुणी चिडवलं, सोड. कुणी ढकललं, सोड. त्या दिवशी ती म्हणाली, "बघ."

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, हात वाचवता आला नाही. मनगटाच्या वरून कापावा लागला. आईनं मान हलवली, शिवायला आलेल्या कपड्याचं माप ऐकावं तशी. मी निघाले.

दुपारी मी शेडमध्ये परत आले. आमची लाइन बंद, बाकीच्या चालू. रोलरवर मामाचा लॅप तसाच होता, वाळून चॉकलेटी झालेला. तिथं विनाथांबा उभा होता. विनाथांबा म्हणजे आमचा शिफ्टचा इन्चार्ज. 'लाइन थांबता कामा नये' हे एकच वाक्य त्याला येतं, म्हणून विनाथांबा.

"कशाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "साहेब येतायत. दोरी कुणी बांधली ते बघणार आहेत, फोटो काढणार आहेत."

"कुणी बांधली?"

"तू घरी जा. शुद्धीत नाहीस."

"रोज बोंबलायचास ना, थांबली तर याद राखा म्हणून? तूच बांधलीस."

"आवाज खाली. आणि अहो म्हणायचं."

बॉबिनच्या आत पुठ्ठ्याची नळी असते. पुठ्ठा म्हटलं की हलकं वाटतं, पण ती लाकडाला हार जाणार नाही अशी टणक असते. रॅकमध्ये हाताशी होती. पहिली मी त्याच्या खांद्याच्या हाडावर मारली. आत काहीतरी वाजलं. तो वाकला, तशी दुसरी नाकावर. मला वाटलं आता तो रडेल. त्यानं माझी टोपी केसांसकट पकडली आणि माझं डोकं मशीनच्या पत्र्यावर आपटलं. ओठ फाटला. मी त्याच्या हाताला चावले, सोडलंच नाही. लांब्या मध्ये पडला तर त्याच्याही तोंडावर एक बसली, कुणाची ते त्याला अजून माहीत नाही.

"अरे सोडा, सोडा, मरेल तो," लांब्या म्हणत होता.

"मरू दे."

"मी नाही बांधली," विनाथांबा खाली बसून म्हणाला. नाकातून धार लागली होती, शब्द बुडबुड्यासारखे येत होते. "बांधलेली दिसली मला. सोड म्हणालो नाही, हे खरं. पण मी नाही बांधली. जा, बघ जा गाठ. मला येते का तसली?"

मी नळी हातात धरूनच लाइनच्या टोकाला गेले. बटणाच्या अलीकडे दोरी मशीनच्या पायाला धाग्याने आवळली होती. आमचाच धागा. वेढ्याला वेढा लागून, कुठं एकावर एक नाही, इतकं सुबक की वाटावं मशीननंच गुंडाळलंय. दोरीवर मी लोंबकळले तरी एक वेढा हलला नव्हता. आपला धागा तुटत नाही, मामा घरी आलेल्या प्रत्येकाला सांगायचा. ओढून बघा म्हणायचा.

मी धाग्याचं टोक शोधलं. सापडेना.

लाइनवर सगळे गाठ मारतात आणि दोन टोकं सोडतात. मला शिकवताना मामा ती टोकं बघून म्हणायचा, "गाठ आहे का उंदीर? शेपटी कशाला हवी?" मग टोक वळवून गाठीच्या पोटात घालायचा आणि नखानं दाबायचा. हात फिरवला तरी लागत नाही. शंभर वेळा करून मला ते जमलं. बाकी कुणाला जमलं नाही, कुणी शिकलंच नाही. अशी गाठ मारणारी माणसं प्लांटमध्ये दोनच. त्यातली एक मी, आणि मी मारली नव्हती.

मी खाली बसले. बसल्यावर माझ्या हातावरचा डाग दिसला. भाजलं त्या दिवशी मामानं मला मलम लावलं होतं, फुंकर घालत, लहान मुलाला घालतात तशी. ओरडला नाही. नीट चालत जा म्हणाला नाही. एवढंच म्हणाला, "आता नाही थांबणार. नाही चढावं लागणार तुला."

मी विचारलंही नव्हतं, कसं काय नाही थांबणार?

बाहेर गाडीचा आवाज आला. साहेब असतील. साहेब आले की फोटो काढतील, आणि मग पुढच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगितलं जाईल की एक मामा होता, स्वतःच दोरी बांधली आणि स्वतःच अडकला. हसतील. त्या पोरांत मी असते तर मीही हसले असते.

रोलरखाली मामाची सुरी पडली होती. ती घेतली आणि वेढे कापले. एका झटक्यात नाही, करवतीसारखं घासावं लागलं. गाठीसकट सगळा गुंता मुठीत धरून शिडीवर चढले. लाइन बंद असली तरी डबा तापलेलाच असतो, तो कधीच गार होऊ देत नाहीत. मी पितळी पट्टीनं गुंता चाळणीच्या कडेला दाबून धरला. धागा आधी आखडला, जळत्या केसासारखा. मग पाणी झाला. गाठ सगळ्यात शेवटी गेली. थेंब होऊन खाली पडली आणि फरशीवर पांढरी टिकली झाली, तशा तिथं हजार आहेत.

विनाथांबा नाक धरून वर बघत होता. "काय केलंस हे? गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही उद्यापासून."

"बरं."

"कुणाची होती?"

"दोरी आता मोकळी आहे," मी म्हणाले. "खेचून बघा." या वेळी अहो म्हटलं.

त्यानं नाही खेचली. लांब्यानं खेचली, अगदी दोन बोटांनी. टोकाला बटण टक् करून बसलं. तो आवाज सकाळी ऐकायला मिळाला असता तर, असं मनात घेऊन आम्ही तिघंही एकमेकांकडं न बघता उभे होतो. तेवढ्यात साहेब आत आले.

दुसऱ्या दिवशी मामा जागा होता. उजवा हात गळ्यातल्या झोळीत, टोकाला पांढरा गोळा. आईनं त्याला पाणी पाजलं आणि माझ्या फाटलेल्या ओठाकडं बघितलं. भांडं घेऊन बाहेर गेली.

"तोंडाला काय झालं?" मामा म्हणाला.

"पडले."

"कुणावर?"

"विनाथांब्यावर."

त्याचं पोट हललं, हसल्यासारखं, मग कळ आली असावी.

"दोरीची गाठ?" त्यानं विचारलं.

"तुटली."

"आपला धागा तुटत नाही गं."

"तुटली म्हटलं ना. कुणाला काही दिसलं नाही."

त्यानं डोळे मिटले. पापणीखाली बुबुळं हलत होती. मी त्याला विचारणार होते, ओरडणार होते, माझ्यासाठी कुणी सांगितलं होतं असलं करायला, चढले असते की मी शिडीवर, भाजलं तर भाजलं. वाटेत सगळं पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "झोळी नीट नाही बांधलेली."

खरंच नव्हती. झोळीचं कापड विणलेलं नव्हतं, तंतू दाबून चिकटवलेलं, आमच्या मागच्या शेडमध्ये बनतं तसलं. त्याच्यावर गाठ घसरते. नर्सनं मानेमागं कशीतरी बांधली होती, दोन लांब टोकं कानापाशी लोंबत होती.

"उंदीर बांधलाय," मामा डोळे न उघडता म्हणाला. "सोड ती."

मी सोडली. त्यानं डावा हात मानेमागं नेला आणि एक टोक चिमटीत पकडलं. बोटं चुकत होती, नवशिक्याची चुकतात तशी. दुसऱ्या टोकासाठी दुसरा हात आपोआप हलला, झोळीच्या आत. तो पांढरा गोळा उचलला गेला आणि परत खाली आला. मी दुसरं टोक धरलं.

"तुझं वरून घे," तो म्हणाला. "आता थांब. माझं येऊ दे."

दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

"दाब आत."

मी दाबलं, नखानं.

थोड्या वेळानं नर्स ड्रेसिंग बदलायला आली. झोळी सोडायला तिनं मानेमागं हात घातला, बोटं फिरवली, मग वाकून बघितलं.

"याचं टोक कुठं गेलं?" ती म्हणाली.

मामा खिडकीबाहेर बघत राहिला. ती बराच वेळ शोधत होती, मग कात्री आणायला गेली.