सिद्धांतचा ठिपका

नवरा गेल्यावर बाईनं किती रडायचं हे गल्ली ठरवते, आणि त्या परीक्षेत बुद्धप्रिया सपशेल नापास झाली होती. एप्रिलमध्ये छातीत कळ येऊन सिद्धांत गेला. ती रडली नाही. ‘तो गेला’ हे शब्दसुद्धा तिच्या तोंडून निघाले नाहीत. ज्याला सांगायचं त्याला इतरांनीच सांगितलं. थोड्याच दिवसांत ती विहाराच्या हॉलमध्ये बायकांना कॉम्प्युटर शिकवायला पुन्हा उभी राहिली. लोक बोलायचं ते बोलले, तिला त्याचंही काही वाटलं नाही. भाकरीला चव नव्हती, उन्हाला चटका नव्हता. सोलापूरच्या उन्हाला, म्हणजे बघा.

शिकवण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पडद्यावरचा बाण हरवला की बायका माउस उचलून हवेत फिरवायच्या. एकीनं तर तो सरळ पडद्यालाच टेकवला होता. बुद्धप्रिया न हसता, न चिडता त्यांचा हात पुन्हा टेबलावर आणून ठेवायची. पूर्वी ती खळखळून हसायची.

एकच काम ती जीव लावून करत होती. सिद्धांत टेम्पो चालवायचा. आज अक्कलकोट, उद्या माढा. तो कुठं पोचला ते बायकोला दिसावं म्हणून त्यानं आपला फोन तिच्या फोनमधल्या नकाशाला कायमचा जोडून दिला होता. आता तो फोन घरी कपाटात असायचा. सासूबाईंचा, मीनाबाईंचा, डोळा लागला की ती गुपचूप तो चार्जिंगला लावायची. नकाशावर सिद्धांतचा गोल फोटो घरावर दिसत राहायचा. तो ठिपका विझला तर सिद्धांत खरंच गेला असं होईल, एवढी एकच भीती तिच्यात शिल्लक होती. बॅटरी कधी फारशी उतरलेली नसायची. पडून राहिलेल्या फोनला काय लागतंय, असं तिला वाटायचं.

वर्गात म्हाळसाबाई नव्या होत्या. सांगोल्याकडच्या मेंढपाळ, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आलेल्या. कॉम्प्युटरशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांचा मुलगा बिरुदेव मेंढरं घेऊन उजनीच्या काठाला गेला होता. तो नकाशावर कसा बघायचा आणि फोन कसा लावायचा, एवढंच त्यांना शिकायचं होतं. नाव वाचता येत नव्हतं, म्हणून बुद्धप्रियानं युक्ती सांगितली होती : नकाशावरचाच फोटो फोनच्या यादीत शोधायचा आणि हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं.

त्या दुपारी म्हाळसाबाईंच्या फोनची बॅटरी संपली. बुद्धप्रियानं सरावाला स्वतःचा फोन दिला आणि ती दुसऱ्या बाईकडे वळली. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

“मॅडम, ह्यो तुमचा मालक का? मगापास्नं बघतीया, जागचा हलंना की.”

बुद्धप्रिया झटकन वळली. “असू दे, मावशी.”

“आसू दे काय? आमच्यात मेंढका आसा एका जागी बसला, म्हंजी ताप तरी आला आसंल न्हायतर पाय तरी मोडला आसंल. थांबा, इचारते.”

त्यांनी तोच फोटो यादीत शोधला आणि हिरव्या खुणेवर बोट ठेवलं. आजवर रोज काही ना काही चुकायचं. आज काहीच चुकलं नाही.

फोन हिसकावून घ्यावा असं बुद्धप्रियाला वाटलं, पण हात उचलला जाईना. रिंग वाजत होती. कपाटात वाजून वाजून बंद पडेल, ती मनाशी म्हणाली.

“उचलला की! कुनीतरी बाईमानूस हाय,” म्हणत म्हाळसाबाईंनी फोन तिच्याकडे दिला.

“पोरी?” पलीकडे मीनाबाई होत्या. “सिद्धूच्या फोनवर तुजा फोटू आला, म्हून उचलला.”

मीनाबाईंना फोन उचलता येत नाही हे घरात सगळे धरून चालले होते. साऱ्या पेठेला शिकवणाऱ्या सुनेनं सासूला कधी शिकवलंच नव्हतं.

“आई, तुम्ही? तो तर कपाटात...”

“चार्जिंगला लावत व्हते. रातच्याला तू लावतीस ते ठावं हाय मला. दिवसा बंद पडू ने, म्हून दुपारी मी लावती.”

बुद्धप्रिया भिंतीला टेकली. “आणि उचलायला कुणी शिकवलं?”

“तूच की. बायकास्नी फोनवर सांगत नसतीस का, हिरवं वर सरकवा, हिरवं वर सरकवा.”

म्हाळसाबाईंना राहवेना. “बरा हाय न्हवं मालक?”

“नाही मावशी,” बुद्धप्रिया म्हणाली. “तो गेला. एप्रिलमध्ये गेला.”

फोन अजून तिच्या कानालाच होता. पलीकडे मीनाबाईंनी ते ऐकलं.

“ठिवू का गं?” त्यांनी विचारलं. “पन बंद कसा करायचा, ते मला म्हाईत न्हाय.”

“नका करू, आई. राहू द्या चालू,” बुद्धप्रिया म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.