तिवड्याभोवतीचा बास्केटबॉल

केरबा बनसोडे पलटणीतून उंब्रजला परतला तेव्हा बरोबर एक शिट्टी आणि बास्केटबॉल घेऊन आला. बासष्ट साली कॉलेजनं त्याला हेड कोच नेमलं, कारण रिंगमधून खाली पडणारा चेंडू पुन्हा वर कशाला टाकायचा, हे पटवून सांगणारा तालुक्यात तो एकटाच होता. हाताखाली दुसरा कोच नव्हता. तरी पाटीवरचं ‘हेड’ त्यानं दोनदा रंगवून घेतलं.

कॉलेजला मैदान नव्हतं. कॉलेजशेजारच्या हरिबाचं मळणीचं खळं मात्र सुगी सोडली तर रिकामंच असायचं. मधोमध तिवडा, म्हणजे मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो खांब.

“खेळा कायबी,” हरिबा म्हणाला, “पर तिवडा हालवायचा न्हाई. आज्यानं रोवलाय.”

“आमी कवा म्हनलो हालवा?” केरबा म्हणाला. “फौजेत जमीन मिळंल तशी घ्यायची असती.”

त्यानं तिवड्यासकट खेळ शिकवला. दोन वर्षांत पोरं झोपेतसुद्धा वळसा घालू लागली. धनाजी तर चेंडू तिवड्यावर आपटून पलीकडच्या गड्याला पास द्यायचा.

चौसष्टला सांगलीच्या एका कॉलेजशी सामना ठरला. संस्थेचे अध्यक्ष भाऊसो कुस्ती सोडून इतर खेळांना व्यायाम मानत नसत. ते म्हणाले, “हारलास तर कोचगिरी बंद. कॉलेजची घंटा वाजवायची.”

“घंटंला शिपाई हाय.”

“त्यो म्हातारा झाला.”

“मी न्हाई झालो.”

सांगलीचं मैदान सिमेंटचं, मधोमध काहीच नाही. उंब्रजची पोरं त्या काहीच-नाहीला वळसा घालून धावू लागली. धनाजीनं सवयीनं चेंडू मधोमध फेकला. तो कशालाच न आपटता थेट भाऊसोंच्या फेट्यावर जाऊन बसला. सांगलीकर पोट धरून हसले. मग हळूहळू गप्प झाले. पाच शहाणीसुरती पोरं एवढ्या निष्ठेनं चुकवतायत, ते आहे तरी काय? त्यांचा कप्तान मध्ये पाऊल टाकताना बिचकला. थोड्या वेळानं पंचही लांबून जाऊ लागला.

मध्यंतराला उंब्रज चौदा, सांगली बावीस.

“ए केरबा!” भाऊसो ओरडले. केरबानं मान वळवली नाही. त्याच्या बापाला गावानं जन्मभर ‘ए’ म्हणूनच हाक मारली होती. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून केरबाला हा शब्द ऐकू येत नसे.

“बनसोडे!” तरी नाही.

“आवं सर!”

“बोला.”

“त्यास्नी मधनं पळाय सांगा. मधी काय न्हाई तितं!”

“दोन वर्सं शिकवलंय, मधी तिवडा हाय म्हनून. आता तुमच्यासाठी खोटं बोलू व्हय?”

उत्तरार्धात दहाच्या दहा पोरं वळसा घालत होती, आणि वळशाची सवय मात्र उंब्रजलाच होती. उंब्रज चोवीस, तीस, छत्तीस. सांगली सदतीस. एका गुणानं हरले.

एस.टी.त भाऊसो एवढंच म्हणाले, “उद्या घंटा.”

“उद्या सहाला सराव हाय,” केरबा म्हणाला.

सकाळी साडेसहाला भाऊसो दोन माणसं घेऊन खळ्यावर आले आणि तरातरा चुन्याच्या रेषेच्या आत शिरले. कर्रर्र शिट्टी वाजली. खेळ थांबला.

“रेषेच्या भाईर,” केरबा म्हणाला. “खेळ चालू हाय.”

भाऊसोंना जन्मापासून कुणी बाहेर व्हा म्हटलं नव्हतं. त्यांनी पायाखाली पाहिलं. मग एक पाऊल मागं घेतलं. माणसांनीही घेतलं.

“कवा संपतंय ह्ये?”

“सातला.”

ते उभे राहिले. सात वाजले. केरबानं घड्याळाकडं पाहिलं, भाऊसोंकडं पाहिलं आणि पोरांना ओरडून सांगितलं, “अजून अर्धा तास!”