बासष्ट किलोंचा माणूस

चौथे पोते सीटवरून उचलताना निरीक्षकाने त्यावरचा आकडा अंगठ्याने पुसून पुन्हा वाचला. दहा. पाचवे, दहा. सहावे, तेही दहा. मग सीट आणि दरवाजा यांच्या फटीत कोंबलेले, उशीपेक्षाही लहान असे एक: दोन. वाळूची ती सात पोती त्याने गॅरेजच्या फरशीवर एका ओळीत मांडली, मनात बेरीज केली, आणि ज्या क्रमाने काढली होती त्याच्या उलट क्रमाने पुन्हा चालकाच्या जागेवर रचून ठेवली. तोंडाच्या गाठीसुद्धा पूर्वी होत्या त्याच बाजूला. बासष्ट.

त्याचे स्वतःचे वजन चौऱ्याहत्तर होते. समोरच्या भिंतीवर, तेलकट पेन्सिलीने, मेव्हण्याच्याच अक्षरात ते तीन वर्षांपासून लिहिलेले होते: भाऊजी ७४.

गाडी चार सपाट वजनकाट्यांवर उभी होती, प्रत्येक चाकाखाली एक. गाडी तशी साधीच. आठवडाभर ती त्याला कचेरीत नेई, बायकोला बाजारात. आणि महिन्यातल्या एका रविवारी मोकळ्या मैदानावर मांडलेल्या शंकूंच्या मधून, घड्याळाशी भांडत धावे. एका वेळी एकच गाडी. शंकूला धक्का लागला की दोन सेकंदांचा दंड. बक्षीस म्हणजे पत्र्याचा एक कप आणि चारचौघांच्या टाळ्या. या खेळाला ऑटोक्रॉस म्हणतात हे त्याच्या कचेरीत कोणाच्या गावीही नव्हते. पण गेल्या हंगामात तो सेकंदाच्या तीन दशांशांनी दुसरा आला होता, आणि ते तीन दशांश अजून दाढेत अडकलेल्या कणासारखे जिभेला सापडत, निघत मात्र नसत. येत्या रविवारी या हंगामातली शेवटची शर्यत होती.

अशा गाडीचा तोल चालकासकट लावावा लागतो. चालक एका बाजूला बसतो. त्याच्या भाराने एक कोपरा दबतो, दुसरा हलका होतो. मग स्प्रिंगखालच्या चकत्या वळशावळशाने फिरवून चारही चाकांवरचे ओझे असे वाटायचे, की गाडी डावीकडे जितक्या खुशीने वळेल तितक्याच खुशीने उजवीकडे वळावी. चालक हजर नसेल तर त्याच्या वजनाची वाळू. म्हणजे ही गाडी या घटकेला एका बासष्ट किलोंच्या माणसाच्या मापाने बेतली जात होती.

आणि बासष्ट किलोंचा एक माणूस निरीक्षकाला चांगलाच ठाऊक होता.

"अरेच्चा, भाऊजी!" मेव्हणा मागच्या दाराने हात पुसत आत आला. "तुम्ही आज? ताई तर म्हणाली, तुम्ही येणार नाही."

"ताईला माझं वेळापत्रक कधीपासून कळायला लागलं?"

"लग्न झाल्यापासून," मेव्हणा म्हणाला. "चोवीस वर्षं झाली. तुम्हालाच उशिरा कळतंय."

तो अंगाने काडीसारखा होता. वाऱ्याच्या दिवशी आपण खिशात हातोडा ठेवून फिरतो, असे स्वतःच सांगून तो हसवी. तरुणपणी तोही मैदानात उतरत असे. चांगला चालवी, निरीक्षकापेक्षाही चांगला, असे म्हणणारे जुने लोक अजून भेटत. मग गाडी विकून त्याने हे गॅरेज थाटले.

"ही पोती?"

"तुम्ही नसताना तुमच्या जागी बसवतो. तुमच्यापेक्षा गुणी आहेत. मध्ये मध्ये बोलत नाहीत."

निरीक्षक हसला नाही. बावीस वर्षे तो दुकानांतले काटे आणि मापे तपासत आला होता, आणि या नोकरीने त्याला एकच शहाणपण शिकवले होते: दुकानदाराला आकडा आधी विचारायचा नाही. विचारला की तो सावध होतो. त्याला बोलू द्यावे, वागू द्यावे. मांजर डोळे मिटूनच दूध पिते. तेव्हा त्याने फक्त पाहिले. मेव्हणा बोलता बोलता भिंतीला टेकला, आणि त्याच्या खांद्याआड 'भाऊजी ७४' ही अक्षरे नेमकी झाकली गेली. फळीवर चुंबकाखाली रविवारचा अर्ज होता. एकाच गाडीवर पाळीपाळीने दोन स्पर्धक चालत. दुसऱ्या नावाची ओळ वर्षानुवर्षे कोरी राहिलेली. आज तिथे निळ्या शाईत मेव्हण्याचे नाव होते.

"चहा घेणार?"

"नको," निरीक्षक म्हणाला. "तुझं चालू दे."

घरी दार उघडताच स्वयंपाकघरातला आवाज एकदम खाली आला. "हे आलेत. ठेवते," एवढे मात्र ऐकू आले.

"कोण होतं?"

"कोण असणार? तुमचा लाडका मेव्हणा."

"काय म्हणतो?"

"गाडी, दुसरं काय! तुम्हा दोघांना त्याशिवाय काही सुचतं?" बायको ताटे मांडू लागली. तिने न विचारता त्याच्या ताटात दुप्पट भात वाढला, वर तूप सोडले, आणि समोर बसून तो जेवतो कसा ते पाहत राहिली. तपासणीच्या दिवशी दुकानदार असेच वागतात, त्याला वाटले. खुर्ची पुसून देतात, मूठभर बदाम पुढे करतात. साखरपेरणी जितकी जास्त तितका काटा खोटा.

"पुरे."

"एवढंच?"

"पुरे म्हटलं ना."

निम्मे ताट तसेच राहिले. ती काही बोलली नाही. आणि तिचे ते न बोलणेच त्याला सर्वांत संशयास्पद वाटले. पाणी कुठे मुरते आहे ते दिसत होते, पण दोघे सख्खी भावंडे, आणि तो या घराण्यात चोवीस वर्षांनंतरही बाहेरचा. मैदानावरची ती एक जागा, दोन हात स्टिअरिंगवर आणि पुढे मिनिटभराची मोकळीक, एवढेच तर त्याचे म्हणावे असे होते. तेही काढून घ्यायचे तर निदान तोंडावर सांगावे.

मंगळवारी दुपारी त्याने कचेरीतून वीस किलोंचा लोखंडी ठोकळा उचलला. काटे पारखण्याचे ते सरकारी वजन होते, पोटात शिशाचा शिक्का असलेले. पूर्वी दोन्ही हातांत एकेक घेऊन तो बाजाराचे जिने चढे. आज रिक्षाथांब्यापासून गॅरेजपर्यंतच्या गल्लीत त्याला तीनदा थांबावे लागले. ऊन फार होते.

जेवणाच्या सुट्टीत मेव्हणा घरी जाई, आणि किल्ली पाण्याच्या मीटरमागे असते हे घरात सगळ्यांना माहीत होते. शटर वर करून तो आत शिरला. काट्यांचे आकडे दाखवणारा डबा वायरीसकट डॅशबोर्डवर पडलेला होता. वाळूसह गाडीचे एकूण वजन: नऊशे चौतीस. त्याने ठोकळा आत, पायाजवळ ठेवला. नऊशे चोपन्न. काढला; नऊशे चौतीस. पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. खरा काटा पाहून तो आयुष्यात कधी एवढा निराश झाला नव्हता.

ठीक. म्हणजे खोट काट्यात नाही, माणसात आहे. आता फक्त पंचनामा उरला. वाळू बाहेर काढायची, आपण बसायचे, डब्यावर जो आकडा येईल त्याचा फोटो घ्यायचा, आणि तो मेव्हण्यापुढे धरून एकच विचारायचे: ही गाडी कोणासाठी? आजवर दर खेपेला तो समोर पाहत निश्चल बसून राही, जसे काही मैदानावरच आहे. आकडे मेव्हणा वाचे, पुटपुटे, लिहून घेई, आणि त्याला फक्त तोल जमला की नाही एवढेच सांगे. बावीस वर्षे जगाचे काटे वाचणाऱ्या माणसाने हा एक काटा नातलगावर सोडला होता. चूक तिथेच झाली.

पोती काढल्यावर गाडी आठशे बाहत्तर भरली. निरीक्षक आत बसला, दार ओढून घेतले, डबा हातात धरला. नऊशे सेहेचाळीस यायला हवे होते.

नऊशे तेहेतीस पूर्णांक सहा.

तो उतरला. आकडा आठशे बाहत्तरवर येऊन थांबेपर्यंत वाट पाहिली. पुन्हा बसला. या वेळी त्याने पाय नीट आत घेतले, पाठ टेकली, श्वास रोखला, जणू श्वासालाही वजन असते. नऊशे तेहेतीस पूर्णांक सहा.

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. निरीक्षकाचा हात आपोआप कमरेकडे गेला. पँट घट्ट बसलेली होती, नेहमीसारखी. तीच तर गोष्ट होती. त्याने पट्टा सैल करून पँटची कड उलटी केली. आतल्या बाजूला, मूळच्या शिवणीच्या जागी, नुसती भोके उरली होती. त्याच्या आत बोटभर अंतरावर भोकांची दुसरी ओळ. आणि त्याच्याही आत, ताज्या दोऱ्याचे, बायकोच्या हाताचे बारीक टाके.

त्याने दार उघडून, बाहेर वाकून लोखंडी ठोकळा दोन्ही हातांनी ओढून मांडीवर घेतला. नऊशे त्रेपन्न पूर्णांक सहा. शिशाचा शिक्का डोळ्यांसमोर होता. कुठेही खरवडलेला नव्हता.

मेव्हणा आला तेव्हा तो तसाच बसलेला होता. फरशीवरची पोती, उघडे दार, मांडीवर लेकरासारखे धरलेले ते काळे लोखंड: मेव्हण्याने सगळे एकदा पाहिले आणि डब्याकडे पुढे केलेला हात मागे घेतला.

"कधीपासून?" निरीक्षकाने विचारले.

"गेल्या तीन वेळा. एकाहत्तर. मग सदुसष्ट. मग हे बासष्ट."

"काट्यात खोट असेल असं नाही वाटलं?"

"वाटलं की. दोनदा दुरुस्तीला नेला, तिथल्या पोराने वेड्यात काढलं मला." मेव्हणा बोनेटच्या कडेला टेकला. "मग ताईला विचारलं. ती रडायलाच लागली. म्हणाली, मला वाटलं माझाच भ्रम."

"आणि अर्जावर तुझं नाव?"

"मैदानात चक्कर आली, तर गाडीपाशी कोण जाणार? नाव नसेल तर दोरीच्या आत सोडत नाहीत." मग तो म्हणाला, "सोमवारची वेळ घेतलीय, मोठ्या डॉक्टरांची. रविवार होऊ दे, म्हणाली ताई."

"मला सांगायचं नाही?"

"सांगून काय झालं असतं, भाऊजी? डॉक्टरकडेही गेला नसतात आणि मैदानावरही. आमच्या दोघांवर डोळे लावून घरात बसला असतात."

निरीक्षक ठोकळा मांडीवरून उतरवू लागला, तसा मेव्हणा पुढे झाला आणि तो भार त्याने काढून घेतला. दोघांनी मिळून पोती परत सीटवर चढवली. सहा मोठी. सातवे, लहान, निरीक्षकाने हातातच ठेवले.

"उद्यापासून मला सुट्टी नाही," तो म्हणाला. "तुला पोत्यांवरच काम उरकावं लागेल."

"हो."

"आजचा आकडा एकसष्ट पूर्णांक सहा. रविवारला अजून पाच दिवस आहेत." त्याचा आवाज कचेरीतला होता, कोरडा, सवयीचा. "एकसष्ट धर."

मेव्हण्याने लहान पोत्याची गाठ दातांनी सोडवली. निरीक्षकाने पोते सीटवर टेकवून त्याचे तोंड उघडे धरले, नजर डब्यावरच्या आकड्यावर ठेवली, आणि मेव्हणा ओंजळीने वाळू काढून फरशीवर टाकू लागला. एक ओंजळ. दुसरी. तिसरीसाठी हात आत गेला, तेव्हा निरीक्षकाने पोत्याचे तोंड मुठीत आवळले.

"बास," तो म्हणाला. "याहून जास्त नको काढूस."