ठकीचा उजवा हात

आमची ठकी संरक्षणमंत्री झाली आणि पहिल्याच दिवशी तिच्या उजव्या हाताने घात केला. मंत्रालयाच्या पायऱ्यांपाशी जवानांनी खाडकन सलामी दिली, तसा तिचा हात आपोआप कपाळाकडे निघाला. कानापर्यंत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं. मग तिने केसांची बट मागे सारल्यासारखं केलं. बट कुठली असायला? तिचे केस लहानपणापासून बॉयकट. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला आणि खाली कुणा टवाळाने लिहिलं की मंत्रीबाईंना माशी चावली असावी. मी तो फोटो कापून ठेवला, कारण अंगातलं जाकीट मी शिवलेलं होतं आणि खांदा झकास बसला होता.

खरं तर दोष हाताचा नव्हता, आमच्या घराचा होता. आमचे हे फौजेत कवायत शिकवायचे. सारी छावणी त्यांना उस्ताद म्हणायची आणि मीही म्हणते, चिडले की जरा जास्तच. ठकी धड चालायला लागली न लागली तोच यांनी तिला सलाम शिकवला. रोज सकाळी डोक्यावर लोकरीची टोपी चढवून बापाला कडक सलाम ठोकायचा, तेव्हा कुठे दुधाचा पेला मिळायचा. मी कपाळावर हात मारून घ्यायचे, तर तोही यांना सलामच वाटायचा. पुढे ठकी गुरांची डॉक्टर झाली, निवडणूक जिंकली, मंत्री झाली, पण जित्याची खोड ती.

मंत्र्याने सलाम करायचा नसतो. अंगावर गणवेश नाही, डोक्यावर टोपी नाही, तर हात खाली. ताठ उभं राहायचं, नजरेला नजर द्यायची, मान किंचित लववायची, बस्स. आता हे चुकलं म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण ठकीचं एक मोठं काम त्यापायी अडलं होतं. सरावाचं मैदान वाढवायचं म्हणून तीन गावांचं गायरान घ्यावं, असा प्रस्ताव सेनाप्रमुखांनी तिच्याकडे पाठवला होता. त्या गायरानातल्या गाई ठकीने स्वतः तपासलेल्या. दुसरी जागा शोधा, असं तिला सांगायचं होतं. आणि तो फोटो बघून सेनाप्रमुख गालातल्या गालात हसत कुणाला तरी म्हणाले होते, उस्तादांची पोरगी आहे, म्हणू तिथे सही करील. ते स्वतः तरुणपणी उस्तादांच्या हाताखाली कवायत शिकलेले, म्हणजे त्यांना हा घरचाच मामला वाटला.

हे ठकीच्या कानावर गेलं. रविवारी ती घरी आली, माझ्या शिलाई मशीनशेजारी बसली आणि चक्क रडली.

"मी नाही म्हटलं तर ते ऐकतील, आई. ऐकावंच लागेल. पण मनातून हसतील. हसत ऐकलेला हुकूम किती दिवस टिकणार?"

मी म्हटलं, जाकिटाची बाही कमरेला टाचून देते, हात वर जायलाच नको. ती रडता रडता हसली. मला तेवढंच हवं होतं.

आतल्या खोलीतला रेडिओ बंद झाला. उस्ताद दारात येऊन उभे राहिले.

"सलाम तुला नसतो, ठकी, त्या खुर्चीला असतो. आणि खुर्चीवर तुला लोकांनी बसवलंय, म्हणजे तू मालकाच्या जागी आणि फौज राखणदार. मालकाने राखणदाराला मान द्यावा, त्याचं काम डोळ्यांत तेल घालून बघावं. सलाम ठोकत बसू नये."

आणि त्या दिवसापासून आमच्या घरात उलटी कवायत सुरू झाली. ज्या माणसाने उभ्या जन्मात माझ्यापुढे मान तुकवली नाही, तो टोपी घालून घरभर पोरीला सलाम ठोकत फिरू लागला. ती चपला काढतेय, ठोक सलाम. ती चहा ओततेय, ठोक सलाम. एकदा तर न्हाणीघरातून नुसत्या पंच्यावर आणि टोपीवर बाहेर आले. मी तोंड फिरवलं. नियम एकच होता, जो चुकेल त्याने त्या दिवशीची भांडी घासायची. सुरुवातीचे दोन-तीन रविवार सगळी भांडी मंत्रीबाईंनी घासली. मग हळूहळू हात जागच्या जागी राहू लागला आणि भांडी माझ्याकडे परत आली. या प्रगतीचं दुःख झालं ते एकट्या मलाच.

छावणीतल्या मोठ्या संचलनाच्या आदल्या दिवशी ठकीने मनातलं बोलून टाकलं. बाकी कुणाचं काही वाटत नाही, पण माजी सैनिकांच्या रांगेत बाबा असणार, आणि बाबा समोर आले की हात जाणारच.

"तिथे मी तुझा बाप नाही," उस्ताद म्हणाले. "रांगेतला एक म्हातारा आहे. मी सलाम करीन, तू मान लववशील आणि पुढे जाशील. चुकलीस तर सेनाप्रमुखांच्या डोळ्यांदेखत चुकशील."

संचलनाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. माजी सैनिक पदकं लावून रांगेत उभे होते आणि त्यांच्या मागे आम्ही बायका खुर्च्यांवर बसलो होतो. ठकी सेनाप्रमुखांबरोबर तुकड्यांपुढून चालत निघाली. एकेक तुकडी सलामी देत होती, ठकी नजर देत होती, मान लववत होती आणि हात कसा शिवणीला चिकटून होता. मला इतका अभिमान वाटला की शेजारणीला मी उगाचच चिमटा काढला.

उस्तादांनीही ते पाहिलं. त्यांनी टोपी काढली, रुमाल काढला आणि डोळे पुसले. घाम होता म्हणे. घाम डोळ्यांतून येतो हे मला नवीनच होतं. आणि तेवढ्यात ठकी आमच्या रांगेपाशी आलीसुद्धा. सगळ्यांचे हात खाडकन वर गेले, सगळ्यांचे. उस्ताद मात्र उघड्या डोक्याने, डाव्या हातात टोपी धरून उभे.

उघड्या डोक्याने सलाम करायचा नाही आणि सावधान झाल्यावर हुकमाशिवाय हलायचं नाही. हे दोन्ही नियम त्यांनी जन्मभर पोरांच्या डोक्यात ठोकून बसवले होते. आता स्वतःच त्यात अडकले. सलाम करता येईना, टोपी घालता येईना. एका तुटक्या बटणापायी पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा माणूस, पण कान लालबुंद झाले होते.

ठकी थांबली. सेनाप्रमुखही थांबले आणि ओठ घट्ट मिटून भलतीकडे बघू लागले. न पाहिल्यासारखं करून ती पुढे गेली असती, तर उस्तादांनी मरेपर्यंत मनाला लावून घेतलं असतं. लेक म्हणून जवळ गेली असती, तर तिची सगळी मेहनत पाण्यात. तिच्या उजव्या हाताची बोटं हलली, ती मला लांबूनही दिसली. मग बोटं सरळ झाली.

"उस्ताद," ती म्हणाली. तिने त्यांना असं कधीच म्हटलं नव्हतं. "टोपी घाला."

"जी, मॅडम."

टोपी चढली आणि उस्तादांनी सलाम ठोकला. असा सलाम मी त्यांच्या ऐन उमेदीतही पाहिला नव्हता. ठकीने त्यांच्या नजरेला नजर दिली, मान लववली आणि त्यांचा हात खाली येईपर्यंत जागची हलली नाही. तिचा हात खालीच होता. मग चालता चालता तिने सेनाप्रमुखांना सांगितलं, ते गायरान मिळणार नाही, दुसरी जागा शोधा.

"जी, मॅडम," सेनाप्रमुख म्हणाले. ते हसत नव्हते. ज्या माणसापुढे त्यांची तरुणपणी बोबडी वळायची, त्याला हुकूम पाळताना त्यांनी आत्ताच पाहिलं होतं.

घरी आल्यावर मी यांना विचारलं, लेकीचा हुकूम ऐकताना कसं वाटलं? हुकूम द्यायला तिने जरा उशीरच केला, असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले तर मोरीपाशी बसले होते. त्या दिवशीची सगळी भांडी उस्तादांनी घासली, टोपी घालून.