मद्रासचा अनुभव

राजसबाईंनी आपली एकुलती नात भवानी कोल्हापूरच्या राणोजीला दिली ती एका अटीवर. नातजावयानं मद्रासेत नोकरी धरायची, पोरगी तिथंच तिरुवल्लिकेणीत, आजीजवळ राहायची. राणोजी लेथवरचा पक्का कारागीर. पण अंबत्तूरच्या ज्या कारखान्यात जाई तिथं एकच विचारणा, "मद्रासचा अनुभव आहे का?"

"नोकरी दिल्याशिवाय तो यायचा कुठून, आजी?" राणोजी बूट काढत म्हणाला. "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर आम्ही दोघं कोल्हापूरला."

राजसबाईंनी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांच्या मराठी घराच्या कितीतरी पिढ्या या तमिळ मुलखात मुरल्या होत्या, तरी भाजीवाली अजून विचारी, "तुमचं गाव कुठलं, अम्मा?" इथला अनुभव यायला किती काळ लागतो ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

नवरात्र लागलं. घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्यांचे कोलू मांडले, बायका एकमेकींकडे जाऊन प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, खाऊ लागल्या आणि बाहेर पडून नावं ठेवू लागल्या. राजसबाई निघाल्या गल्लीतल्या त्रिपुरसुंदरीकडे, राणोजीला घेऊन. हळदीकुंकवाला पुरुष कशाला, असं कुणी म्हणायच्या आत म्हणाल्या, "पिशवी धरायला." त्रिपुरसुंदरीचा मुलगा सुब्बा अंबत्तूरचा कारखानदार. त्यानंच परवा राणोजीला नकार देऊन वाटेला लावलं होतं.

कोलूच्या पायथ्याशी मातीचं गाव होतं, तळ्याकाठी पत्र्याचा रहाट. तो अडकलेला. राणोजीनं मांडी घातली, छत्रीची तार वाकवली आणि रहाट फिरता केला. मग रोज संध्याकाळी तो येऊन रहाट चालवी आणि अख्खी गल्ली पाणी चढताना बघायला लोटे. समोरच्या घरचं सुंडल उरू लागलं. त्रिपुरसुंदरीला आणखी काय हवं?

विजयादशमीला तिनं मुलाला बसवलं. "सुब्बा, याला ठेवून घे."

"अम्मा, मद्रासचा अनुभव नाही त्याला."

"नवरात्रभर माझ्या घरी खपलाय. माझं घर काय मदुरेत आहे?"

राणोजी कामाला लागला. पुढं पुढं सुब्बा दुसऱ्या कुणाला यंत्राला हात लावू देईना. राजसबाई नातजावयाला हात सैल सोडून तूप वाढू लागल्या.

दोन वर्षांनी तो पेढे घेऊन आला. कोल्हापूरच्या कारखान्यानं फोरमन म्हणून बोलावलं होतं. "तिथं आधी दारात उभं करत नव्हते, आजी. आता मद्रासचा अनुभव म्हटल्यावर खुर्ची दिली."

आत भवानी ट्रंक भरायला लागलीही होती. राजसबाईंनी पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही.

"तुमच्याकडे कोलू मांडतात का हो, जावईबापू?"

"नाही, आजी."

"मग तिथं माणसाला नोकरी मिळते तरी कशी?"