मेणाला लागलेला दुधाचा टोप

मित्रांनो, मी एक जुना दुधाचा टोप आहे, पण दूध माझ्या वाटेला येऊन बराच काळ लोटला. सध्या माझ्यात मेण वितळतं. तुम्ही नाक मुरडायच्या आधीच सांगतो, मेण काही वाईट नसतं. फक्त ते एकदा अंगाला लागलं की स्वयंपाकाचं भांडं म्हणून पुन्हा कुणी तुमच्याकडे बघत नाही.

माझा जन्म ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून झाला. गरगर फिरणाऱ्या साच्यावर पत्र्याची चकती चढवून कारागिराने मला दाबत दाबत आकार दिला आणि काठाला एक छोटी चोच काढली. त्या चोचीवर भाळूनच मथुराबाईंनी मला दुकानातून उचललं. त्या आणि त्यांचे यजमान भाऊराव तेव्हा चारकोपच्या नव्या घरात नुकते राहायला आले होते. मथुराबाई शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "ह्या टोपात दूध कधी लागत नाही हां." ते ऐकून मी आतून चकाकायचो. स्वभावाने मात्र मी पहिल्यापासून घाबरट. दुधाच्या टोपाचा सगळा जन्म उतू जाण्याच्या धास्तीतच जातो, त्याला माझा इलाज नाही.

मग मथुराबाईंच्या मुलाने, आकाशने, विजेची इंडक्शन शेगडी आणली. तिच्यावर ॲल्युमिनियम तापत नाही, हे मला तिच्यावर बसवल्यावरच कळलं. सगळे मला हसले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे धूळ खात पडलेलो असताना खाली भाऊराव वारले. घरात दिवसभर माणसांची ये-जा ऐकू येत होती. चहासाठी मला खाली काढतील असं वाटत होतं, पण काढलं नाही.

मला खाली काढलं ते सुनेने, शीतलने. महिला मंडळाच्या वर्गात ती मेणबत्त्या करायला शिकली होती आणि तिला ओतायला चोचीचं भांडं हवं होतं. गॅसवर पाण्याने भरलेलं मोठं पातेलं, त्यात मी आणि माझ्यात मेणाचे पांढरे तुकडे, असा आमचा नवा संसार सुरू झाला. वर्गातून मिळालेल्या वाती घालून तिने छोट्या छोट्या मेणबत्त्या केल्या. त्या बऱ्या जळल्या. शीतल खूश झाली आणि मीही पुन्हा थोडा मान वर करून उभा राहू लागलो.

एवढ्यात चेतनाचं लग्न ठरलं. चेतना ही मथुराबाईंची मुलगी, शीतलची नणंद. मुलगा मुलुंडचा, नाव सम्यक. आमच्याकडच्या लग्नात भगवान बुद्धांच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, मग वंदना होते आणि मग नवरा-नवरी एकमेकांना हार घालतात. चेतना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "वहिनी, मूर्तीपुढची मेणबत्ती तूच कर. मोठी, जाड. आणि वात आपल्या परित्राणाच्या दोऱ्याची घाल."

हा दोरा म्हणजे काय ते सांगतो. मथुराबाई आणि भाऊराव ह्या घरात राहायला आले तेव्हा भन्तेजींनी, म्हणजे बौद्ध भिक्षूंनी, घराच्या रक्षणासाठी परित्राणपाठ म्हटला होता. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ पाण्याच्या मडक्यापासून सगळ्यांच्या हातांतून फिरलं. पाठ संपेपर्यंत प्रत्येकाने तो दोरा धरून ठेवला होता, भाऊरावांनी तर दोन्ही हातांनी. मग त्याचे तुकडे सगळ्यांच्या मनगटांना बांधले आणि उरलेलं रीळ मथुराबाईंनी डब्यात जपून ठेवलं.

"बाबांच्या हातातून गेलाय ना तो," चेतना म्हणाली. "बाबा नाहीत, तर निदान तो तरी पेटू दे."

मथुराबाईंनी डबा काढून दिला.

पहिली मेणबत्ती शीतलने ओतली आणि लवकर थिजावी म्हणून पंख्याखाली ठेवली. वरून ती गार झाली आणि मधे, वातीभोवती, बोटभर खोल खड्डा पडला. आतलं मेण निवताना आकसतं, हे तिला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी तिने पंखा बंद केला, मेण सावकाश निवू दिलं, थोडं घट्ट झाल्यावर सुईने भोकं पाडून वरून पुन्हा मेण ओतलं. मेणबत्ती देखणी झाली. शीतलने काडी लावली. घरातले सगळे घाम पुसत भोवती उभे राहिले. ज्योत उभी राहिली, मग बुटकी झाली, वितळलेल्या मेणात बुडाली आणि विझली.

"पहिल्यांदा असं होतं," शीतल म्हणाली. पण तिचा आवाज बारीक झाला होता.

इथून सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, मित्रांनो. शीतलला वाटलं मेण खराब आहे. तिने जुन्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे त्यात मिसळले होते, ते काढून टाकले आणि नवं मेण आणलं. मेणबत्ती विझली. मग तिला वाटलं वात बारीक पडते. तिने दोऱ्याची वेणी घालून वात जाड केली. ह्या वेळी ज्योत तडतडली, काळा धूर निघाला, वातीच्या टोकाला एक काळा मणी धरला आणि तीही विझली. आकाश अंधेरीहून कामावरून आला की दारातूनच विचारायचा, "काय, आज पेटली?" आणि शीतलचा चेहरा बघून चपला काढून सरळ हातपाय धुवायला जायचा.

मग संशय आला माझ्यावर. मथुराबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं त्यात दूध तापलंय. कुठेतरी दुधाचा अंश राहिला असेल."

मला काय वाटलं असेल त्याची कल्पना करा. ज्या बाईने माझ्या नावाने शेजारपाजारात मिरवलं, तीच हे बोलत होती. शीतलने मला उकळत्या पाण्यात घातलं, साबणाने घासलं, पुसून उन्हात ठेवलं. तरी भरवसा नको म्हणून पुढची मेणबत्ती दुसऱ्या भांड्यात केली. ती विझली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. पण मथुराबाईंकडे बघून तो आनंद लगेच मावळला.

कारण मला एक गोष्ट माहीत होती, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. शीतल बाजारात गेली की मथुराबाई ओट्याजवळ येऊन उभ्या राहायच्या. एक दिवस माझ्यातल्या थिजलेल्या मेणाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "थांबा म्हणाला होतात ना. मी नाही थांबले. म्हणून करताय का हे?"

सम्यकचं स्थळ भाऊराव होते तेव्हाच आलं होतं. "पोरीला अजून नोकरीत स्थिरावू दे, थांबू या," असं ते म्हणाले होते. पुढे ते गेले आणि होकार मथुराबाईंनी एकटीने दिला. आमच्याकडे शकुन-अपशकुन मानत नाहीत. कुणी मानलं की मथुराबाईच त्याला झापतात. त्यामुळे ही भीती त्यांना कुणाला सांगताही येत नव्हती. मेणबत्ती विझली की त्या उठायच्या आणि त्या दिवशी त्यांचं जेवण अर्ध्यावर राहायचं.

मला आणखीही एक गोष्ट दिसत होती. मेण बदललं, भांडं बदललं, पंखा बंद झाला, ओतायची पद्धत बदलली. बदलला नव्हता तो फक्त दोरा. त्याच्याकडे कुणी बोटसुद्धा दाखवलं नव्हतं. भाऊरावांच्या हातातल्या दोऱ्यावर संशय घेणार कोण? मला ओरडून सांगावंसं वाटे. पण टोपाला तोंड असून बोलता येत नाही.

लग्न अगदी तोंडावर आलं. दुपारची वेळ होती. शीतल गॅसजवळ उभी राहून नव्या मेणबत्तीची वात कातरत होती. कातरलेलं टोक उडून पेटत्या बर्नरवर पडलं. ते नुसतं जळलं नाही. ते आक्रसलं, वितळलं आणि त्याची एक कडक काळी गोळी झाली. जुना कंगवा जळावा तसा वास सुटला.

शीतल बघतच राहिली. तिने रिळातून आणखी एक तुकडा तोडला आणि सांडशीत धरून ज्योतीत नेला. पुन्हा तीच गोळी. मग तिने आपल्या सुती ओढणीचा एक धागा ओढून जाळला. त्याची बोटाने चुरगळेल अशी राख झाली.

"चेतना, इकडे ये," तिने हाक मारली. "दोरा सुती नाहीये गं. शिवणाचा पॉलिस्टर आहे. हा कधी जळणारच नाही नीट."

चेतना दोऱ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले. मग ती दबक्या आवाजात म्हणाली, "आईला नको सांगू. गुपचूप दुसरी वात घाल ना. मेणाच्या आत काय आहे ते तिला काय कळणार?"

"चालेल," शीतल म्हणाली.

दुसऱ्या वातीने मेणबत्ती छान जळली असती. पण आधीच्या सगळ्या का विझल्या, हे मथुराबाईंना कधीच कळलं नसतं. ती भीती त्यांनी जन्मभर एकटीने वागवली असती.

शीतलने वर्गातली वात हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी तिने ती बाजूला सारली. "नाही यार, मला नाही जमणार," ती चेतनाला म्हणाली. "उद्या मंडपात आई माझ्याकडे बघून हसतील ना, तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवणार नाही."

तिने मथुराबाईंना बोलावलं. "आई, रागवू नका. दोऱ्यात दोष आहे," असं म्हणत तिने त्यांच्यासमोर तुकडा जाळून दाखवला.

मथुराबाईंनी ती काळी गोळी बोटांत फिरवून बघितली. "मीच आणला होता," त्या म्हणाल्या. "पाठाच्या दिवशी धावपळीत. पांढरा दोरा द्या म्हटलं, दुकानदाराने दिला." त्यांनी गोळी ओट्यावर ठेवली.

"म्हणजे, ह्यांचं काही नाही ना त्यात?" त्यांनी विचारलं.

"कुणाचं, आई? काय म्हणताय?"

"ते थांबा म्हणाले होते ना. मला वाटलं, नको म्हणतायत." एवढं बोलून मथुराबाई पदर तोंडाला लावून रडू लागल्या. भाऊराव गेले तेव्हासुद्धा पाहुण्यांच्या गराड्यात त्यांना असं मोकळं रडायला मिळालं नव्हतं. चेतनाने त्यांना घट्ट मिठी मारली. "आई, एवढे दिवस मनात ठेवलंस? वेडी आहेस का तू?" शीतलने चहा टाकला, विजेच्या शेगडीवर, स्टीलच्या भांड्यात. मला मेणाचा वास, मला कोण विचारणार? पण त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी माझ्यात पुन्हा मेण वितळलं. सुती दोऱ्याची वेणी मथुराबाईंनी स्वतः घातली. शीतलने ती आधी मेणात बुडवून ताठ केली आणि साच्याच्या मधोमध काडीला बांधली. त्याच वातीची एक छोटी मेणबत्ती करून आधी जाळून पाहिली. ती तळापर्यंत जळली. तरी माझी धाकधूक गेली नाही. छोटी जळली म्हणून मोठी जळेलच कशावरून?

लग्नाच्या दिवशी घराला कुलूप लागलं आणि मी ओट्यावर एकटाच राहिलो. हॉलमध्ये मोठे पंखे असतील, कुणी दार उघडं टाकेल, वात एका बाजूला कलंडेल, असे नाही नाही ते विचार मनात येत होते. संध्याकाळी कुलूप वाजलं तेव्हा मी आधी त्यांचे आवाज ऐकले. आवाज थकलेले होते आणि त्यांत चेतनाचा नव्हता.

आकाश सोफ्यावर बसत म्हणाला, "आई, तू पण कमाल केलीस. तो हॉलवाला मागे लागला होता, पुढची पार्टी आलीय, आवरा. मेणबत्ती मस्त जळतेय आणि आमच्यापैकी कुणाचा हात होईना विझवायला. आणि तू सरळ गेलीस आणि चिमटीत धरून विझवलीस. भाजलं नाही का?"

"भाजलं ना," मथुराबाई म्हणाल्या. "पण चेतनाला निघायचं होतं रे. मी विझवल्याशिवाय ती हलली नसती."

पिशवीतून त्यांनी उरलेली मेणबत्ती काढली. वरून सपाट, कुठे खड्डा नाही, वात मधोमध. ती त्यांनी माझ्यात ठेवली आणि काठावरून एकदा हात फिरवला. बोटाला फोड आला होता, तो मला लागला.

मित्रांनो, मी शिकलेला नाही, पण एवढं सांगायचा मला हक्क आहे. तुमच्या घरात काही बिघडलं आणि कारण सापडेना, तर ज्या वस्तूवर तुमची सगळ्यात जास्त माया आहे तीही एकदा तपासून बघा. तिच्यात दोष सापडला तर तिला टाकू नका. परित्राणाचं ते रीळ पुन्हा डब्यात गेलं आहे. त्याला फक्त त्याचं नसलेलं काम सांगितलं होतं. आणि घरातलं कुणी जेवण अर्ध्यावर टाकून उठत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. मी तर रोज बघत होतो, पण मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.