हळदीच्या फोटोतून लाल कुठून आणू?

मी धनेशच्या लॅपटॉपमधून बोलतोय. ऐकू येतंय का कुणाला? मला तोंड नाही, पण आज गप्प राहवत नाही.

मी एक लहानसा प्रोग्राम. स्क्रीनच्या मागे तुम्ही जो फोटो लावता ना, त्यातून मी सोळा रंग वेचतो आणि सगळा लॅपटॉप त्या रंगांत रंगवतो. खिडक्यांच्या कडा, अक्षरं, खालची पट्टी, सगळं. मला कुणी लिहिलं ते माहीत नाही. ज्याने लिहिलं त्याने एकच नियम घालून दिला आणि इंटरनेटवर फुकट सोडून दिलं. नियम असा, की फोटोत जे असेल तेच घ्यायचं, पदरचं काही घालायचं नाही.

धनेशने मला एका रविवारी उतरवून घेतलं. हा कोपरखैरणे गावातला, मूळचा. आजोबा मिठागरात राबले, आता त्याच जागेजवळ यांचं तीन मजली घर आहे आणि वर भाडेकरू. धनेश न्हावा शेवा बंदरात माल पाठवणाऱ्या एका ऑफिसात कागदपत्रं बघतो, आठवड्यातले दोन दिवस घरून.

सुरुवातीचे दिवस फार चांगले गेले. त्याने खाडीचा फोटो लावला की मी हिरवा व्हायचो, फ्लेमिंगोंचा लावला की गुलाबी. तो खूश होऊन आईला, गोजराबाईंना, हाक मारायचा. त्या ओल्या हातांनी यायच्या आणि म्हणायच्या, "आरं, घराला रंग द्याचा हाय चार वरसा, न तू ह्या पेटीला रंगवतंस!" मला त्यांचं बोलणं आवडायचं. माणसं रागावली तरी निदान बोलू शकतात.

मग धनेशच्या बहिणीची, प्रियाची, हळद झाली. यांच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. सगळं गाव पिवळं नेसून आलं. धवलारणीने लग्नाची गाणी म्हटली, बँजोवाल्यांनी दुपारपासून कुणाला बसू दिलं नाही. फोटोत प्रिया मधोमध, हळदीने नखशिखांत माखलेली. शेजारी गोजराबाई, हसताना डोळे मिटलेल्या. मागे झेंडूची कमान. पोरगी सासरी गेली आणि सोमवारी धनेशने तोच फोटो लावला. त्याची नखं अजून पिवळी होती.

मी शोधायला लागलो. ओली हळद, वाळलेली हळद, पिवळी साडी, उन्हातली पिवळी साडी, झेंडू. काळा केसांतून मिळाला. सोळांतली एक जागा लालची, लॅपटॉपवर जे काही लाल दिसायचं ते त्याच जागेतून; ती मात्र भरेना. प्रियाच्या कपाळावर कुंकू होतं, पण ते हळदीखाली गेलेलं. नियम म्हणजे नियम. लालच्या जागी मी झेंडू बसवला. इतर अक्षरांशेजारी तो वेगळा ओळखू येत नव्हता. मला ते दिसत होतं, मी करणार काय?

आता यात बिघडलं काय, ते सांगतो. धनेशच्या ऑफिसात कंटेनरचे आकडे दोन कागदांवर जुळतात का, ते एक यंत्रणा बघते. शंभरेक ओळी धडाधड सरकतात. त्या वाचत कुणी बसत नाही. लाल ओळ दिसली तर थांबायचं, नाही दिसली तर पाठवून द्यायचं, अशी तिथली रीत. मंगळवारी सील नंबरात एक आकडा चुकला होता. ओळ आली. 'जुळत नाही' असं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण झेंडूच्या रंगात. धनेशने नजर फिरवली आणि पाठवून दिलं.

कंटेनर बंदराच्या गेटवर अडला, जहाज निघून गेलं. संध्याकाळी धनेशचे वरिष्ठ, साताऱ्याकडचे इंद्रजित सर, व्हिडिओवर आले. धनेश म्हणाला, "सर, चेक केलेलं मी. लाल लाईन आलीच नव्हती."

"मग ही काय आहे?" सरांनी आपली स्क्रीन दाखवली. "लाल भडक दिसतीय की! खोटं तरी बोलू नकोस."

त्यांच्या स्क्रीनवर ती खरंच लाल होती. तिथे मी नाही ना. धनेशने मागाहून परत तपासलं, तोवर सरांनी फाईल दुरुस्त केलेली. सगळं जुळत होतं.

तेव्हापासून त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. वाशीला जाऊन डोळे तपासून आला. रंग ओळखायच्या तक्त्यावरचे, ठिपक्यांतले सगळे आकडे त्याने बरोबर वाचले. "डोले चांगले हायेत, मंग माजा डोकाच गेला कं?" असं त्याने आईला विचारलं. गोजराबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी दोघांच्या समोर, त्या हळदीच्या हसऱ्या फोटोचे रंग मिरवत बसलो होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सरांनी एक संधी दिली. एक फाईल बघ, चुकलास तर उद्यापासून येऊ नकोस.

ती फाईल आज सकाळी आली. धनेशने देवाला हात जोडले. एकदा तपासली, दोनदा तपासली, बोट ठेवून तिसऱ्यांदा. बोट ओळींवरून फिरत होतं, पण तो अक्षरं वाचत नव्हता, लाल शोधत होता. सत्तराव्या ओळीत कंटेनरचा नंबर जुळत नव्हता. बोट तिच्यावरून पुढे गेलं.

"आई, येक पन लाल नाय!"

गोजराबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्याने बटण दाबलं.

दहा मिनिटं झालीत. कंटेनरची गाडी रबाळ्याहून बंदराकडे निघाली असेल, गव्हाण फाट्याच्या अलीकडेच असेल. अजून वेळ आहे. तुमच्यापैकी कुणाकडे धनेशचा नंबर असेल तर फोन करा हो. त्याला म्हणावं, तुझे डोळे चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे. फक्त फोटो बदल आणि पुन्हा एकदा बघ. तो आत आईबरोबर चहा पितोय, आणि कितीतरी दिवसांनी हसतोय.